जिन्यातलं विमान

आमच्या घरात मला कोणी वेळ विचारत नाही. विचारली तर उत्तर यायला उशीर लागतो. माझ्या मनगटावर असतं ते वैमानिकाचं घड्याळ आहे, जेट विमानं नवी नवी होती त्या काळातलं. त्याला नेहमीच्या काट्यांशिवाय एक जादा काटा आहे, तो दुसऱ्याच कुठल्या तरी देशातली वेळ दाखवतो. आत छोट्या छोट्या तबकड्या आहेत आणि बाहेरून फिरणारी एक कडी आहे, तिच्यावर मुंगीलाही चष्मा लागेल एवढे बारीक आकडे. ती कडी फिरवून वैमानिक इंधन किती उरलंय, अंतर किती उरलंय याचा हिशेब करायचे. मी पाणीपुरवठा कार्यालयात बिलांच्या तक्रारी ऐकतो. तिथे इंधनाचा प्रश्न येत नाही, पण कडी मी फिरवतो. एकदा हिने घाईघाईत वेळ विचारली. मी चष्मा कपाळावर सरकवून, घड्याळ उजेडात धरून, नीट बघून सांगितली, आणि ती परदेशातली निघाली. तेव्हापासून ही भिंतीवरचं घड्याळ बघते.

ही म्हणजे माझी बायको. लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात, त्याला त्यांच्या घरी छंद म्हणतात. मी जमवतो त्याला आमच्या घरी पसारा म्हणतात. बुडालेल्या विमान कंपन्यांचे चमचे, सामानाला लावायच्या चिठ्ठ्या, जेवणाची छापील कार्डं, हवाईसुंदरीच्या कोटावरचे पितळी पंख, आणि ओकारीच्या पिशव्या. कोऱ्या. हे 'कोऱ्या' मला दर वेळी आपण होऊन सांगावं लागतं. त्यातली एक पिशवी, जिची कंपनी मी चड्डीत असताना बंद पडली, हिने समोरच्या वहिनींना लसूण घालून दिली. मी ती परत मागायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, एवढ्या लसणासाठी आलात?" मी पिशवी न घेताच परत आलो. खरं सांगायचं तर मी स्वतः विमानात एकदाच बसलोय, ऑफिसच्या कामाला, तेसुद्धा मधल्या सीटवर. दोन्ही बाजूंना दोन झोपलेले गृहस्थ होते आणि मला आकाश म्हणून जे काही दिसलं ते एकाच्या ढेरीवरून दिसलं.

हे सगळं आतल्या छोट्या खोलीत सुखाने नांदत होतं. एका रविवारी मी चमचे पुसत बसलो होतो, तेव्हा ही दारात येऊन उभी राहिली.

"आई येतेय," ती म्हणाली.

"येऊ देत की," मी म्हणालो.

"राहायला येतेय. आणि या वेळी मला तिला परत पाठवायचं नाही."

इथे सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्यांना दोन मुलगे. थोरल्याकडे मुलांच्या परीक्षा आल्या की त्या तिकडे, धाकट्याकडे कोणी आजारी पडलं की तिकडे. बदलीच्या नोकरीतल्या माणसालासुद्धा कधी तरी विचारतात, बाबा रे, तुला कुठे जायला आवडेल. सासूबाईंना तसं कोणी विचारलेलं मला आठवत नाही. त्याही कधी बोलल्या नाहीत. 'चल' म्हटलं की त्यांचं 'बरं' ठरलेलं. आमच्याकडे आल्या की खुर्चीच्या कडेला बसायच्या, पिशवी पायाशी, जणू कोणी कधीही नाव पुकारेल आणि उठावं लागेल.

"दादा न्यायला आला की ती उठून चालू लागेल," ही म्हणाली. "तिला इथे आपली म्हणून एक जागा वाटली पाहिजे. आणि ती जागा तुमच्या या चमच्यांनी अडवलीय."

"मी आवरतो," मी म्हणालो.

"आवरा. आणि एक ऐकून ठेवा. या वेळी ती इथून परत गेली ना, तर तिच्या मागोमाग हा सगळा पसारा भंगारात जाईल. चमच्यांपासून घड्याळापर्यंत." शेवटचा शब्द उच्चारताना ती माझ्या मनगटाकडे बघत होती.

मी आवरायला लागलो. सासूबाई मला आवडतात, हे कोणाच्या दडपणाखाली सांगत नाही. जावयाला सल्ला न देणारी सासू दुर्मीळ असते. चमचे आमच्या पलंगाखाली गेले, पिशव्या कपाटावर गेल्या, पंख माझ्या शर्टांच्या खणात गेले. खोली रिकामी झाली. गोष्ट इथेच संपली असती, पण तेवढ्यात भंगारवाल्याचा फोन आला.

"साहेब, एक जुनं विमान तोडलंय," तो म्हणाला. "जोडसीट आहे. खिडकीकडची. दोन सीटांच्या मधल्या दांड्यात राखदाणी आहे."

"मला नको," मी म्हणालो. "घरी जागा नाही."

"राखदाणीला झाकण आहे, साहेब. मूळचं."

झाकण म्हटल्यावर मी ढासळलो. ज्याला हा नाद नाही त्याला हे कळणार नाही. जुन्या सीटा मिळतात, राखदाण्याही मिळतात, पण झाकण म्हणजे उंबराचं फूल. त्याच क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सासूबाईंना जागा हवी होती. सीट म्हणजे जागाच की. मी हिला सांगितलं, आईंसाठी एक आरामाची खुर्ची बघितलीय. हिने माझ्याकडे रोखून बघितलं आणि विचारलं, "खुर्चीला पंख आहेत का?" मी नाही म्हणालो. ते खोटं नव्हतं.

मी बेजबाबदार माणूस नाही. भंगारवाल्याकडे जाण्याआधी मी दाराची रुंदी मोजली, जिन्याची रुंदी मोजली. तिथे जाऊन सीटची मोजली, आणि घड्याळाची कडी फिरवून इंचांचे सेंटिमीटर केले. कडी म्हणाली, बसते. कडीचं काही चुकलं नाही. फक्त वैमानिकांच्या घड्याळात जिन्याच्या वळणाची सोय नसते, कारण त्यांना वळायला सगळं आकाश मोकळं असतं.

टेंपो इमारतीखाली उभा राहिला आणि सेक्रेटरी खाली आले. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नोकरीतून निवृत्त झालेत, पण नियमांतून झालेले नाहीत.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"सीट."

"कशाची?"

इथे मी 'सोफा' म्हणायला हवं होतं. पण अभिमान नडला. "विमानाची," मी म्हणालो.

"म्हणजे वाहनाचा सुटा भाग. वाहनांचे सुटे भाग इमारतीत ठेवायला मनाई आहे."

"अहो, घरात बसायला आहे. फर्निचर समजा."

"फर्निचर आणायचं तर आधी अर्ज करावा लागतो. अर्ज केलाय?"

"नाही."

"मग ते फर्निचर नाही."

शेवटी मी तिथेच टेंपोच्या फळीवर कागद ठेवून अर्ज लिहिला, त्यांनी तिथेच मंजूर केला, आणि मंजूर करताना 'विमानाची' हा शब्द स्वतःच्या हाताने खोडून 'बैठी' असं लिहिलं. 'बैठी सीट'. उभी सीट कशी असते हे मी विचारलं नाही. अडला हरी, दुसरं काय. मग लिफ्टचा मुद्दा निघाला. लिफ्ट माणसांसाठी, सामानाला बंदी. मी सुचवलं की सीटवर दोन माणसं बसवून नेऊ, म्हणजे ते सामान राहणार नाही, आसनस्थ प्रवासी होतील. सेक्रेटरी विचारात पडले. मला वाटतं त्यांना ते पटतही आलं होतं, पण लिफ्टच्या दारातून सीटच आत जाईना, तेव्हा तत्त्वाचा प्रश्न तसाच राहिला.

दोन हमालांनी सीट जिन्याने उचलली. पहिला मजला ठीक. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती कठड्यात आणि भिंतीत अशी बसली की वर जाईना, खाली येईना. हमालांनी थोडा वेळ धडपड केली, घाम पुसला आणि "पुढचं काम सुताराचं" असं सांगून पैसे घेऊन गेले. आमच्या इमारतीत उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची कधी टंचाई नसते. समोरच्या वहिनी वरून म्हणाल्या, तिरकी करा. दुसऱ्या मजल्यावर, बरोबर आमच्या घराखाली राहणारे प्राध्यापक म्हणाले, उलटी करा. कोणी म्हणालं, साबण लावा. मी तिरकी केली, उलटी केली, साबणही लावला. सीट जागची हलली नाही, मी मात्र साबणावरून घसरून तीन पायऱ्या खाली आलो. त्यावर प्राध्यापक म्हणाले, "घर्षण कमी झालंय, एवढं तरी नक्की सिद्ध झालं."

सुतार लगेच मिळाला नाही. तो येईपर्यंत ते विमान जिन्यात उभं होतं आणि लोक बाजूच्या फटीतून पोट आत घेऊन जात-येत होते. आधी कुरकुर झाली. मग वरच्या मजल्यावरच्या एका आजोबांना चढताना दम लागला आणि ते सीटवर टेकले. त्यांना ते आवडलं. दुसऱ्या दिवशी प्राध्यापक पेपर घेऊन शेजारी बसले. मी ऑफिसातून आलो की जिन्यात दोन माणसं पाय लांब करून देशाचं कसं होणार यावर बोलत असायची, आणि मलाच 'जरा बाजूने' म्हणायची. राखदाणीत कोणी तरी शेंगांची टरफलं टाकली होती. मूळच्या झाकणाखाली शेंगांची टरफलं. सेक्रेटरी मला नोटीस द्यायला जिना चढून आले, धाप लागली म्हणून सीटवर बसले, आणि नोटिशीवरची तारीख त्यांनी तिथेच आरामात टेकून घातली.

सुताराने शेवटी कठड्याची वरची लाकडी पट्टी काढली. सीट एका दमात वर गेली. कठड्याची पट्टी परत बसेना, त्याबद्दल वेगळी नोटीस आली. दारापाशीही ती वळेना म्हणून दाराचं एक फळकूट काढावं लागलं, ते बसलं पण तेव्हापासून दार बंद करताना कण्हतं. काही असो, सीट घरात आली आणि मी ती दिवाणखान्यातल्या खिडकीपाशी उभी केली. निळं कापड, थोडं विटलेलं, डोकं टेकायला पांढरी पट्टी, दोन्हीकडे मूळचे कमरपट्टे. मी दोन पावलं मागे जाऊन बघितलं. ही स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. "आई यात बसेल?" तिने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती, आणि तेच मला जास्त लागलं.

त्याच संध्याकाळी सेक्रेटरी कठड्याबद्दल बोलायला आले. मी त्यांना मानाने सीटवर बसवलं. ते मुद्द्यावर आले, ठासून बोलण्यासाठी मागे रेलले, आणि सीट त्यांच्यासकट मागे उलटली. विमानाच्या सीटला जे पाय असतात ते उभं राहण्यासाठी नसतात, विमानाच्या जमिनीतल्या रुळांत अडकवण्यासाठी असतात. हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं नेमकं अशा वेळी आठवत नाही. सेक्रेटरींचे तळपाय छताकडे होते आणि तशा अवस्थेतही ते "याची नोंद घेतली जाईल" असं म्हणाले. या माणसाबद्दल माझ्या मनात तेव्हापासून आदर आहे.

मग मी जमिनीत बोल्ट ठोकायचं ठरवलं. ड्रिल सुरू केलं न केलं तोच दाराची घंटा वाजली. प्राध्यापक कप घेऊन उभे होते.

"माझ्या चहात तुमची जमीन पडलीय," ते म्हणाले आणि कप पुढे केला. खरंच पडली होती.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. सुतार पुन्हा आला आणि त्याने एक जाड, रुंद लाकडी चौथरा करून सीट त्यावर आवळून बसवली. आता ती हत्ती बसला तरी उलटली नसती. फक्त झालं असं की बसायला एक पायरी चढावी लागायची आणि बसलेला माणूस सभेचा अध्यक्ष दिसायचा. ही काही बोलली नाही. आमच्याकडे जेव्हा काही बोललं जात नाही तेव्हा परिस्थिती गंभीर असते.

सासूबाई आल्या. हिने त्यांची खोली दाखवली. नवी चादर, रिकामं कपाट, खिडकीला पडदा. त्या "छान आहे हो" म्हणाल्या, पिशवी कपाटात न ठेवता पलंगाखाली सरकवली आणि स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसल्या. पुढचे काही दिवस तेच. खोलीत फक्त झोपायला जायच्या. दिवसभर स्टुलावर, नाही तर खुर्चीच्या कडेला. चहा करू का विचारलं की म्हणायच्या, तुम्ही घेणार असाल तर घोटभर.

"पाहुणीसारखी राहतेय," ही मला हळूच म्हणाली. "माझ्या घरात माझी आई पाहुणी. मला नाही सहन होत." आणि तिने डोळे पुसले. मी तिला सांगणार होतो की हळूहळू रुळतील, पण नुसता रुमाल पुढे केला.

मग एके दिवशी ऑफिसातून लवकर आलो तर सासूबाई खिडकीकडच्या सीटवर. चपला चौथऱ्याच्या पायथ्याशी नीट जोडून ठेवलेल्या, अंगावर शाल, पाठ पूर्ण टेकलेली. त्या कडेला बसलेल्या नव्हत्या. मला बघून उठायला लागल्या.

"बसा, बसा," मी म्हणालो. "कसं वाटतंय?"

"इथून खालचा सगळा रस्ता दिसतो, जावईबापू," त्या म्हणाल्या. "शाळेची मुलं दिसतात. आणि आपण कोणाच्या वाटेत येत नाही." मग त्यांनी विचारलं, "हा पट्टा कशाला असतो?"

हा प्रश्न मला माझ्या घरात कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी पुढे होऊन कमरपट्ट्याचा इतिहास, उपयोग, बनावट, सगळं सांगितलं. हे टोक इथे घालायचं, टक् वाजलं की बसलं, ही वरची झडप उचलली की सुटलं. सासूबाईंनी टक् केलं, झडप उचलली, पुन्हा टक् केलं. "एवढंच होय," त्या म्हणाल्या. माझं अजून निम्मं सांगायचं राहिलं होतं.

त्या दिवसापासून ती सीट त्यांची झाली. मटार सोलायला तिथे, पेपर वाचायला तिथे. बसल्या की पट्टा लावायच्या, म्हणायच्या कमरेला आधार वाटतो. शेजारच्या सीटवर कधी समोरच्या वहिनी, कधी प्राध्यापक. ज्यांच्या चहात मी जमीन पाडली होती ते गृहस्थ आता आमच्याकडे चहा घेऊन सासूबाईंना आपल्या कॉलेजातल्या कागाळ्या सांगत होते. सेक्रेटरीही एकदा बसून गेले, पण न रेलता. मटारच्या साली सासूबाई माझ्या एका ओकारीच्या पिशवीत टाकत. मी बघितलं आणि पुढे गेलो. माझ्यात एवढा मोठेपणा आहे हे मलाही नवीन होतं.

"अहो, ऐकलंत का," ही एकदा डोळे मोठे करून म्हणाली, "आज आईने मला सांगितलं, चहात साखर कमी घाल. सांगितलं तिने. स्वतःहून." बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. आमच्या घरी त्या दिवशी सणासारखं वातावरण होतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात हिचा दादा, म्हणजे माझे थोरले मेहुणे, येऊन थडकले. माणूस वाईट नाही. फक्त घाईत असतो. जन्मल्यापासून घाईत असावा.

"आई, चल," ते बूट काढता काढता म्हणाले. "मुलांच्या परीक्षा आल्यात, घरी सगळं अडलंय. बसची दोन तिकिटं काढलीत. चहा घेऊ आणि निघू."

"अरे, तिला विचार तरी," ही म्हणाली.

"त्यात काय विचारायचं? नातवंडं तिचीच आहेत ना?"

सासूबाई "बरं" म्हणाल्या. आत गेल्या, पिशवी भरून आणली, शाल गुंडाळून घेतली आणि मेहुण्यांचा चहा होईपर्यंत आपल्या सीटवर जाऊन बसल्या. स्वयंपाकघरात भांडी आदळत होती. ही रडत असली की भांडी आदळते, म्हणजे रडणं ऐकू येत नाही. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिला विचार घड्याळाचा आला. दुसरा हिचा. तिसरा सासूबाईंचा आला, आणि तो मात्र जाईना. खालचा रस्ता त्या परत कधी बघणार, असं वाटून मला उगाच त्या मेहुण्यांच्या बुटांचा राग आला.

"चल आई," मेहुणे उठले.

सासूबाई उठू लागल्या आणि पुन्हा बसल्या. "पट्टा लागलाय रे," त्या म्हणाल्या.

"मग काढ."

"निघत नाहीये."

ही माझी वेळ होती. मी बाह्या सरसावल्या. "बघू, यात एक खुबी असते," असं म्हणत पुढे झालो आणि शालीखालून झडप उचलायला गेलो. झडप उचलेना. सासूबाईंचा हात तिथेच होता, तो बाजूला घ्या म्हणावं तर त्या "हळू, लागतं" म्हणाल्या. आता सासूबाईंच्या कमरेशी जावयाने किती झटापट करावी याला काही मर्यादा असतात. मी लाल होऊन मागे सरलो.

"भाऊजी, तुम्ही यातले तज्ज्ञ ना?" मेहुणे म्हणाले. तोंडात मारल्यासारखं झालं मला. मग त्यांनी स्वतः ओढून बघितलं, सासूबाई "आई गं" म्हणाल्या, तेही थांबले.

आमचं कण्हणारं दार उघडंच होतं. प्राध्यापक तेलाची बाटली घेऊन आले आणि धातू प्रसरण पावतो तेव्हा काय होतं ते सांगू लागले. वहिनी म्हणाल्या, श्वास आत घेऊन खालून निसटता येतंय का बघा. सासूबाईंनी श्वास घेतला, सोडला आणि "नाही बाई" म्हणाल्या. मागोमाग सेक्रेटरी. "वाहनाचे सुटे भाग," ते नुसते म्हणाले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. माझी इतक्या वर्षांची विद्या एवढ्या साक्षीदारांपुढे मातीमोल होत होती.

"बस चुकेल," मेहुणे म्हणाले. "कात्री आणा. कापून टाका."

"कापायचं नाही," मी म्हणालो. "मूळचा पट्टा आहे."

"आई मोठी की पट्टा?"

असा प्रश्न चारचौघांत विचारू नये. तेवढ्यात ही कात्री घेऊन बाहेर आली. डोळे सुजलेले. चौथऱ्यापाशी गुडघ्यावर बसली, आईच्या शालीचं टोक उचललं, आत बघितलं, आणि तशीच बसून राहिली. मला फक्त तिची पाठ दिसत होती. मग तिने शाल अलगद पूर्वीसारखी केली, उठली, आणि कात्री पाठीमागे धरली.

"नाही कापायचा," ती म्हणाली. "यांचा जीव आहे त्या पट्ट्यात."

मी थक्क झालो. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ही माझ्या संग्रहाच्या बाजूने बोलली होती.

"मग आता?" मेहुणे म्हणाले.

"मेकॅनिक बोलवावा लागेल. विमानाचा."

"तो कधी येणार?"

"विमानाचा मेकॅनिक काय कोपऱ्यावर बसलेला असतो, दादा?"

"शिवाय," सेक्रेटरी म्हणाले, "बाहेरचा मेकॅनिक आणायचा तर आधी अर्ज करावा लागेल." त्या क्षणी मी त्यांचे सगळे गुन्हे माफ केले.

मेहुण्यांनी हातातलं घड्याळ बघितलं, दाराकडे बघितलं, आईकडे बघितलं. "सुटली की कळवा, मी येऊन नेतो," असं म्हणत बूट घातले आणि जिना उतरले. कठड्याला पट्टी नव्हती, त्यामुळे त्यांचा तोल जरा गेल्याचा आवाज आला. बाकीची मंडळी हळहळत पांगली. प्राध्यापक तेल ठेवून गेले.

मला मात्र चैन पडेना. बिघाड झाला तर कशात झाला? मी आत जाऊन पाना-पकड शोधली, ती घेऊन बाहेर आलो, तर सीट रिकामी. सासूबाई मोरीपाशी मेहुण्यांचा कप विसळत होत्या.

"सुटला?" मी म्हणालो.

"सुटला," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

ही हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदमच. तिने मागून आईला मिठी मारली. "अगं, मग सरळ नाही म्हणायचं ना त्याला."

"त्याने विचारलं असतं, आई, येतेस का, तर म्हटलं असतं," सासूबाई कप उपडा ठेवत म्हणाल्या. "विचारलंच नाही तर नाही कोणाला म्हणू?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे पट्टा उत्तम स्थितीत होता. मला फार बरं वाटलं. हे मी बोलूनही दाखवणार होतो, पण फोन वाजला. मेहुणे, बसमधून.

"भाऊजी, सुटली का आई?"

मी फोनवर हात ठेवून दोघींकडे बघितलं. ही माझ्याकडे बघत होती. सासूबाईंनी हात पदराला पुसले, बाहेर आल्या, चपला काढून नीट जोडून ठेवल्या, चौथरा चढल्या आणि खिडकीकडच्या सीटवर पाठ टेकून बसल्या. पट्टा ओढून घेतला. टक्.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "जावयाला खोटं बोलायला लावणं बरं दिसत नाही."

मी हात काढला आणि म्हणालो, "नाही दादा, अजून पट्ट्यातच आहेत."